आजारी कोंबडीचं देणं

परसातली कोंबडी दाणे टिपायची थांबली, पंख पाडून कोपऱ्यात बसली, तिचा तुरा काळपट पडला, की घरात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, ‘मरायच्या आत कापून टाका.’ दुसरं, ‘तिची वेळ आली, आता सोडून द्या.’ पहिलं उघडउघड व्यवहाराचं आहे, दुसऱ्याला धर्माचा वास आहे. पण दोन्ही एकाच प्रश्नाला बगल देतात: या कोंबडीचं आपण काही देणं लागतो का? लागतो, असं माझं म्हणणं आहे. आणि हे देणं दयेचं नाही. दया कुणाला येते, कुणाला येत नाही. तिच्यावर कर्तव्य उभं करता येत नाही. देणं साध्या हिशेबातून निघतं, म्हणून तो हिशेब आधी मांडायला हवा.

बंदिस्त पोल्ट्रीतल्या पक्ष्याला मालक निदान खाद्य तरी विकत आणून घालतो. परसातल्या कोंबडीचं तसं नसतं. ती उकिरडा उकरते, वाळवी आणि किडे वेचते, खळ्यात सांडलेलं टिपते. घरातून तिला मिळतात त्या मूठभर कण्या, शिळा भात आणि रात्री डालग्याखालची जागा. तेवढ्यावर गावठी कोंबडी वर्षाला 50-60 अंडी देते. तिची रानातली पूर्वज हंगामात थोडी अंडी घालून उबवायला बसते आणि मोकळी होते. वर्षभर अंडी देत राहणारं शरीर माणसानं पिढ्यान्‌पिढ्या निवडून घडवलंय. सुधारित जातींत अंडी वाढली, तसं अंडं अडकण्याचं आणि अंडाशयाच्या विकारांचं दुखणंही वाढलं. म्हणजे कोंबडी खायची थांबते त्यामागच्या काही कारणांवर चक्क आपल्या हातांचे ठसे आहेत. आजवर तिनं स्वतःचं पोट स्वतः भरलं आणि वर आपल्यालाही दिलं. आजारपणात पहिल्यांदाच तिला आपल्याकडून काही लागतं, आणि नेमकी त्याच दिवशी ती सगळ्या हिशेबांतून बाद होते. बाजारात तिला गिऱ्हाईक नाही. जाणता माणूस तिला चुलीवर चढवत नाही. देवाला नवसाचा कोंबडा द्यायचा तर तो धडधाकट, निर्व्यंग लागतो. कोकणातल्या राखणदारालाही मरतुकडं पाखरू चालत नाही. बाजार, चूल आणि देव या तिघांनीही नाकारलेला हा जीव आहे. त्याच्याकडून मिळण्यासारखं काही उरलेलं नसताना त्याला पाणी पाजायचं की नाही, इथे कर्तव्याची खरी परीक्षा होते. दुभत्या गाईची सेवा करणाऱ्याची अशी परीक्षा कधी होतच नाही.

शास्त्रं इथे फारशी मदत करत नाहीत, हेही सांगून टाकलेलं बरं. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात गावात पाळलेला कोंबडा अभक्ष्यांच्या यादीत आहे. ज्या घरांत कोंबड्या खरोखर पाळल्या गेल्या, त्या घरांचं धर्मशास्त्र निराळं होतं आणि ते फारसं कुणी लिहून ठेवलं नाही. तरी दोन धागे हाती लागतात. गृहस्थाच्या पाच महायज्ञांत एक भूतयज्ञ आहे: घरात शिजलेल्यातला वाटा कुत्रा, कावळा, किडामुंगी यांना रोज द्यायचा. हा वाटा कुणाच्या गुणांवर किंवा उपयोगावर ठरत नाही. आपल्या घराभोवती जे जगतं त्याचा तो असतो. दुसरा धागा लीळाचरित्रातला. पारध्यांच्या तावडीतून पळालेला ससा चक्रधरांच्या आसऱ्याला येतो आणि ते त्याला पाठीशी घालतात. जो आपणहून आला, त्याला अभय. मग जिला आपण स्वतः बाजारातून पाय बांधून आणलं, जिचं रान आपण आधीच काढून घेतलं, तिच्या बाबतीत हे बंधन सैल होईल की घट्ट? मला तरी ते घट्टच होताना दिसतं.

आता ‘सोडून द्या’वाल्यांचा मुद्दा. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अन्न सोडून देह ठेवणं आपल्याकडे पूज्य मानलं गेलंय. विनोबांनी 1982 च्या नोव्हेंबरमध्ये पवनारला अन्न आणि औषध दोन्ही नाकारलं, आणि बहुतेकांनी त्यात आत्महत्या नव्हे, साधना पाहिली. जैनांच्या संथाऱ्यावर राजस्थान उच्च न्यायालयानं 2015 च्या ऑगस्टमध्ये बंदी घातली, त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली. त्या वादात संथाऱ्याच्या बाजूनं मांडलेला मुख्य मुद्दा हाच होता की हे व्रत समजून-उमजून, शांत चित्तानं घेतलेलं असतं. म्हणजे या परंपरेचा सगळा भार जाणिवेवर आणि संमतीवर आहे. कोंबडीच्या उपवासात दोन्ही नाहीत. तिच्या गळ्याखालची पिशवी तुंबलेली असते, नाहीतर अंडं अडकलेलं असतं, ताप असतो, जंत असतात, मानमोडी असते. तिनं अन्न सोडलेलं नसतं, अन्न तिला सुटलेलं असतं. तिथे वैराग्य पाहणं म्हणजे आपल्या आळसाला तिच्या नावावर संन्यास देणं. कोंबडीचा एक उपवास मात्र खरा आहे. खुडूक बसलेली कोंबडी 21 दिवस अंड्यांवरून जेमतेम उठते, दिवसातून एखाद्या वेळी चार दाणे टिपून परत जाते आणि वजनानं चांगलीच उतरते. त्या उपवासाला अर्थ आहे आणि तो मोडायला जाणारा मूर्ख. हे दोन उपवास वेगळे ओळखायला तिला उचलून पाहावं लागतं, पिशवी चाचपावी लागते, विष्ठा बघावी लागते. रात्री भरलेली पिशवी सकाळी रिकामी व्हायला हवी. झाली नाही, तर घोटाळा तिथे आहे. सेवेची सुरुवात अशा पाहण्यातून होते, आणि ‘सोडून द्या’ म्हणणाऱ्यानं बहुतेक वेळा एवढंही केलेलं नसतं.

यावर कर्माचा आक्षेप येतो: तिचे भोग आहेत, आपण मध्ये का पडायचं? भोग हे दुखणं का आलं याचं उत्तर असेल. पाणी द्यायचं की नाही याचं उत्तर त्यात नाही. ती तहानलेली आहे हे तिचं कर्म असेल तर तिच्याकडे पाठ फिरवणं हे माझं. याहून पक्का आक्षेप जैन तेरापंथाचे संस्थापक आचार्य भिक्षू यांच्या विचारात आहे. अठराव्या शतकात त्यांनी लौकिक दया आणि मोक्षाकडे नेणारी अहिंसा यांत रेघ ओढली: न मारणं हा धर्म, पण दुसऱ्याचा जीव वाचवण्याच्या खटपटीत पुण्य पाहू नये. हा विचार मला निष्ठुर वाटत नाही, उलट प्रामाणिक वाटतो, कारण वाचवणाऱ्याचा अहंकार त्यानं अचूक हेरला आहे. पण तो वाटेवरच्या अनोळखी जिवाला जितका लागू पडतो तितका डालग्याखालच्या कोंबडीला पडत नाही. तिला वाचवून पुण्य मिळतं असा माझा दावाच नाही. देणं फेडल्याचं पुण्य कुणाला मिळतं?

खर्चाचा आक्षेप लवकर आटोपता येतो. कोंबडीच्या किमतीपेक्षा डॉक्टरचं येणं महाग पडेल, हे खरंच. पण जे लागतं त्यातलं बरंच काही फुकट आहे: बाकीच्या कोंबड्यांपासून वेगळी, उबदार, अंधारी जागा, स्वच्छ पाणी, पिशवी तुंबलेली नसेल तर मऊ पेज, आणि जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारणा. पाजताना घाई नको, कारण श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं आणि जबरदस्तीनं ओतलेलं पाणी फुप्फुसात जाऊ शकतं. सेवाही अडाण्यासारखी केली तर मारते. मानमोडीवर तर औषधच नाही, आहे ती लस. तेव्हा यातलं अर्धं देणं कोंबडी आजारी पडण्याआधी, पिल्लांना लसोटा ही मानमोडीची लस देण्याच्या दिवशीच फेडायचं असतं. साथ असेल तेव्हा गणित बदलतं. 2006 मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला आणि लाखो पक्षी मारावे लागले. तिथे एका कोंबडीचं देणं बाकी पक्ष्यांच्या आणि माणसांच्या जिवापुढे मागे सरतं. पण साथीचा नियम एरवीच्या आळसाला लावायचा नसतो.

मग सेवा कुठवर? इथे गांधीजींचं वासरू आठवणं अटळ आहे. 1928 मध्ये साबरमती आश्रमातलं, बरं होण्याची आशा संपलेलं, वेदनांनी तळमळणारं वासरू त्यांनी इंजेक्शन देऊन मारवलं आणि देशभरातून संतापलेली पत्रं ओढवून घेतली. त्यांच्या उत्तरातला मला महत्त्वाचा वाटणारा भाग असा की आधी सेवेचे मार्ग संपलेले होते. उपचार केले, डॉक्टरचा सल्ला घेतला, मग निर्णय. ‘मरायच्या आत कापा’ म्हणणारा शेवट तोच करतो, पण क्रम उलटा लावतो: आधी सुरी, आणि चौकशी कधीच नाही. शिवाय कशानं आजारी आहे ते माहीत नसलेला पक्षी कापणं आणि खाणं घरच्यांसाठीच धोक्याचं असतं. सगळं करून पाहिल्यावरही कोंबडी मान टाकून धापा टाकत असेल, तर तिला जाणत्या हातानं झटक्यात सोडवणं हा त्याच देण्याचा शेवटचा हप्ता आहे. त्यानंतरही पेज कोंबत राहणं मात्र स्वतःला समाधान मिळावं म्हणून चाललेलं असतं.

सगळ्यात बोचरा आक्षेप राहिला. जी कोंबडी पुढे खायचीच, तिची शुश्रूषा हा ढोंगीपणा नाही का? आपला कायदाही या कात्रीत सापडलाय: 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा पाळीव जनावराला अन्नपाणी न देणं गुन्हा ठरवतो आणि तोच खाण्यासाठी मारण्याला, नाहक यातना न देण्याच्या अटीवर, मोकळीक देतो. (पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये; कोंबडीचं एक तंगडंही त्यात येणार नाही.) महाभारतातला मिथिलेचा धर्मव्याध मांस विकतो आणि तपस्व्याला धर्म शिकवतो, नांगराखालीही असंख्य जीव मरतात, हे तो त्याला सांगतो. हिंसेतून पूर्ण सुटका नाही म्हणून तिच्यातली मर्यादाही सोडायची, असं मात्र तो म्हणत नाही. मारण्याचा अधिकार कुणी मानला तरी त्यातून कुजवण्याचा, तहानेनं तडफडत ठेवण्याचा अधिकार निघत नाही. एवढं उत्तर पुरेसं आहे, पण त्यानं बोच जात नाही, आणि ती जावी असं मला वाटतही नाही. आठवडाभर हातावर घेऊन पेज पाजलेली कोंबडी बरी झाली आणि गटारी आली, तर त्या घरात कुणाचा तरी हात अडखळेल. कुणी म्हणेल, हिला राहू द्या, दुसरी आणा. तर्काला हे पटणारं नाही, कारण दुसरीचंही देणं तेवढंच आहे. पण मांसाहाराबद्दल त्या घरात खरं बोलणं सुरू व्हायचं असेल, तर ते ग्रंथातल्या निषेधापेक्षा ‘मग दुसरी का चालते?’ या पोराच्या प्रश्नानं सुरू होण्याची शक्यता जास्त आहे, आणि त्याचं उत्तर थोरांनी तयार ठेवलेलं नसतं.