पडदा बसवताना भिंत फुटली, तर?



पूर्वी आपल्या खिडक्यांना दोरीवर ओवलेला कापडी पडदा असे. फार तर उन्हाळ्यात वाळ्याचा पडदा किंवा बांबूच्या काड्यांचा चिक टांगला जाई. खिळा घरातलाच कुणीतरी ठोकायचा. गिलावा पडला तर घरातल्या घरात थोडी बोलाचाली व्हायची आणि विषय संपायचा. आता गुंडाळून वर जाणारे रोलर ब्लाइंड आणि आडव्या पट्ट्यांचे व्हेनेशियन ब्लाइंड गावोगावी पोहोचले आहेत. ते बसवायला माणूस बोलवावा लागतो. दुकानदार माप घेतो, आगाऊ रक्कम घेतो आणि ठरल्या दिवशी ड्रिल मशीन देऊन दोन मुलांना पाठवतो. काम नीट झाले तर प्रश्न नाही. पण काच तडकली, गिलाव्याचा पोपडा खाली आला किंवा भिंतीतली वायर तुटली, तर भरपाई कुणी द्यायची? हा प्रश्न पैशाचा वाटतो. खरे तर तो न्यायाचा आहे, आणि म्हणून या पानावर त्याचा विचार करायचा आहे.

चिपळूण तालुक्यातील अलोरे गाव डोळ्यांसमोर आणा. कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी, कोळकेवाडी धरणाच्या शेजारी वसलेले हे गाव कोयना प्रकल्पाच्या वसाहतीमुळे सर्वांना ठाऊक आहे. या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. कोकणातल्या पुष्कळ घरांच्या भिंती जांभ्याच्या. जांभा सच्छिद्र असतो, पावसाळ्यात ओल धरतो, आणि जुना गिलावा आतून सुटलेला असला तरी वरच्या रंगामुळे ते कळत नाही. अशा भिंतीत ड्रिल चालवले की भोक हवे त्याहून मोठे पडते आणि प्लॅस्टिकचा प्लग आत धरत नाही. त्यात ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा मोठा भूकंप आणि त्यानंतर अधूनमधून बसणारे धक्के. भिंतीवरची भेग जुनी की आजची, हे सांगणे कठीण होते. घरमालकीण म्हणते, "अरे, तुम्ही भिंत फोडलीत." मुलगा म्हणतो, "काकी, भिंत आतून पोकळच होती." पुष्कळदा दोघेही खरे बोलत असतात.

मग न्याय कसा करायचा?

पहिली गोष्ट, भरपाई मागण्यात काही गैर नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे ७३ वे कलम सांगते की करार मोडल्यामुळे ओघानेच जे नुकसान होते त्याची भरपाई मिळाली पाहिजे. दूरान्वयाने झालेल्या नुकसानीची मात्र मागता येत नाही. काच फुटली तर काचेचे पैसे मागता येतात. "त्या दिवशी माझा मूड गेला" याचे नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार पैसे घेऊन दिलेल्या सेवेत त्रुटी राहिली तर सेवा देणारा जबाबदार ठरतो. म्हणजे ज्याने बिल केले, त्या दुकानदाराशी बोलायचे. आपल्यापैकी पुष्कळांना हे बोलायचा संकोच वाटतो. "जाऊ दे, ओळखीचा माणूस आहे," असे म्हणून आपण गप्प बसतो आणि मग बाजारात, लग्नकार्यात, दहा जणांना सांगतो की त्याच्याकडे जाऊ नका. त्या बिचाऱ्याला आपली चूक कळतही नाही आणि गिऱ्हाईक तुटते. याला क्षमा म्हणता येणार नाही. समोरासमोर शांतपणे सांगणे हेच अधिक प्रेमाचे आहे.

दुसरी गोष्ट आपल्या स्वतःच्या वाट्याची. निर्गमाच्या पुस्तकातील २१ व्या अध्यायात एक साधा नियम आहे. कुणी खड्डा खणून उघडा ठेवला आणि त्यात शेजाऱ्याचे जनावर पडले, तर भरपाई खड्डा उघडा ठेवणाऱ्याने द्यायची. भिंतीतून कुठे वायर गेली आहे, कुठे पाण्याचा पाइप आहे, कोणत्या कोपऱ्यात दरवर्षी ओल येते, हे घरच्यांना ठाऊक असते. ते न सांगता आपण मशीन चालू करू दिले, तर तो उघडा खड्डा आपला आहे. पुढच्याच अध्यायात उसने घेतलेल्या जनावराविषयी नियम येतो. ते मेले किंवा जायबंदी झाले तर उसने घेणाऱ्याने भरून द्यायचे. पण मालक तेथे हजर असेल तर नाही. आणि भाड्याने आणले असेल तर नुकसान भाड्यातच धरायचे. नियम जनावरांचा असला तरी त्यामागचा विचार आपल्याला घेता येतो: जो हजर होता आणि पाहत होता, त्याचीही काही जबाबदारी असते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. दुकानदाराने भरपाई दिली, आपले समाधान झाले. पण ती रक्कम आली कुठून? "काळजी करू नका, मुलाच्या हजेरीतून कापतो," असे तो सहज बोलून जातो आणि आपणही मान डोलावतो. कायद्याला हे इतके सहज मान्य नाही. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने आणि त्याची जागा घेणाऱ्या २०१९ च्या वेतन संहितेने नुकसानीपोटी पगार कापण्यावर मर्यादा घातल्या आहेत. कामगाराचे म्हणणे ऐकल्याशिवाय कपात करता येत नाही. पण रोजावर आलेला मुलगा हे कुणाला सांगणार?

यहुदी लोकांच्या तालमूद या ग्रंथात, बाबा मेत्सिया या भागात, एक प्रसंग आहे. एका विद्वानाचे द्राक्षारसाचे पिंप हमालांच्या हातून फुटले. त्याने भरपाई म्हणून त्यांची वस्त्रे काढून घेतली. हमाल रव नावाच्या गुरूंकडे गेले. गुरूंनी वस्त्रे परत द्यायला सांगितले. विद्वानाने विचारले, कायदा असा आहे का? गुरू म्हणाले, होय. आणि सज्जनांच्या मार्गाने चालण्याविषयीच्या नीतिसूत्रातील वचनाचा आधार दिला. मग हमाल म्हणाले की आम्ही गरीब, दिवसभर राबलो, उपाशी आहोत. गुरूंनी त्यांची मजुरीही द्यायला लावली. विद्वानाने पुन्हा तेच विचारले आणि पुन्हा तेच उत्तर मिळाले.

या गोष्टीचा अर्थ "गरिबाने काहीही फोडले तरी चालेल" असा नाही. गुरूंनी हे कुणाला सांगितले ते पाहा. ज्याला नुकसान सोसणे शक्य होते, त्याला. म्हणून दुकानदाराने पेन्शनवर जगणाऱ्या आजीला "सोडून द्या, माफ करा" असे ऐकवू नये. क्षमा ज्याने त्याने आपल्या खिशातून करावी. आणि आजीनेही आपला हक्क मागताना तो कुणाच्या पाठीवरून वसूल होतो आहे, एवढे विचारावे.

चौथी गोष्ट न दिसणाऱ्या नुकसानीची. तडकलेली काच लगेच दिसते. पण ब्लाइंडची दोरी किंवा साखळी सैल लोंबकळत ठेवली, तर लहान मुलाच्या गळ्याला फास बसू शकतो. ती भिंतीला पक्की अडकवायची असते. भुसभुशीत गिलाव्यात कसाबसा बसवलेला स्क्रू सहा महिन्यांनी सुटतो. तेथे कुणी पाहत नसते, आणि कारागिराचा प्रामाणिकपणा नेमका तेथेच असतो. काच फुटल्याचे स्वतःहून सांगणाऱ्या मुलावर आपण ओरडलो, तर पुढच्या घरी तो सैल स्क्रूबद्दल गप्प राहील.

म्हणून काही साध्या गोष्टी करू या. काम सुरू होण्याआधी भिंतीचे आणि खिडकीचे मोबाइलवर फोटो काढावेत. वायर आणि पाइप कुठे आहेत ते दाखवावे. काचेच्या वस्तू व टीव्ही बाजूला करावेत. नुकसान झाले तर कोण भरणार, हे बिलावर एका ओळीत लिहून घ्यावे. काही फुटलेच तर काम थांबवून तेव्हाच फोटो काढावा आणि मुलांवर न ओरडता दुकानदाराला फोन करावा. सगळे बिल अडवू नये, दुरुस्तीपुरतीच रक्कम मागे ठेवावी. लेवीय पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नये असे सांगितले आहे, याची आठवण असू द्यावी.

आणि हिशेब मिटल्यावर दुकानदाराला एक प्रश्न अवश्य विचारावा: "त्या मुलाची आजची हजेरी पूर्ण दिलीत ना?"