मुलांना सांगायला जागा हवी

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. २०२२च्या ऑगस्टपासून तिथे रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला आणि पुढचा दीड तास गावातले टीव्ही, मोबाईल बंद राहू लागले. करोनाकाळात ऑनलाइन शाळेसाठी मुलांच्या हाती आलेला फोन शाळा पुन्हा भरल्यावरही सुटत नव्हता, म्हणून गावाने हा निर्णय घेतला. आशा सेविका, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघरी जाऊन लोकांना समजावत राहिले. या प्रयोगाचं देशभर कौतुक झालं, ते योग्यच होतं. त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट ही, की भोंगा थोरांसाठीही वाजत होता. मुलांना अभ्यासाला बसवून आईबापांनी मालिका लावायची, अशी सोय त्यात नव्हती.

भोंग्याने वेळेचा प्रश्न सुटतो. मोबाईलवर मुलाशी कोण बोलतंय, त्याच्याकडे काय मागतंय, हा प्रश्न निराळा आहे आणि आपण दोन्हींची गल्लत करतो. ‘सारखा मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेला असतो’ ही तक्रार घरोघरी ऐकू येते. पण दिवसातून अर्धाच तास मोबाईल हाताळणारी मुलगीही त्या अर्ध्या तासात सापळ्यात सापडू शकते.

ऑक्टोबर २०२५मध्ये मुंबईत सायबर जागृतीच्या एका शासकीय कार्यक्रमात अभिनेते अक्षय कुमार यांनी स्वतःच्या घरातला प्रसंग सांगितला. त्यांची मुलगी ऑनलाइन गेम खेळत होती. समोरच्या अनोळखी खेळाडूने आधी गोड बोलून ओळख वाढवली, मग तू मुलगा की मुलगी असं विचारलं, आणि उत्तर मिळताच नग्न फोटो मागितला. मुलीने गेम बंद केला आणि आईला जाऊन सांगितलं. सातवी ते दहावीच्या वर्गांना दर आठवड्याला एक सायबर तास असावा, अशी मागणी त्यांनी तिथेच मुख्यमंत्र्यांकडे केली. मागणी रास्त आहे. त्या तासाला काय शिकवायचं, याचं उत्तरही त्या प्रसंगातच आहे. मुलगी वाचली ती दोन गोष्टींमुळे: काहीतरी चुकतंय हे तिला वेळेत कळलं, आणि आईला सांगण्याची तिला भीती वाटली नाही.

आपल्या बहुतेक घरांत याच्या उलट तयारी झालेली असते. ‘काही भलतंसलतं दिसलं, तर मोबाईल कायमचा बंद!’ धमकी देऊन पैसे उकळणारा गुन्हेगार नेमका याच वाक्यावर जगतो. त्याची पद्धत ठरलेली आहे. अनोळखी पण आकर्षक चेहऱ्याच्या खात्यावरून मैत्रीची विनंती येते. काही दिवस गोड गप्पा, मग दुसऱ्या अ‍ॅपवर बोलावणं, मग व्हिडिओ कॉल आणि त्याचं गुपचूप रेकॉर्डिंग. त्यानंतर मुलाच्याच फॉलोअर्सच्या यादीचा स्क्रीनशॉट येतो. त्यात मामा असतो, आत्या असते, वर्गातली मुलं असतात. ‘दहा मिनिटांत पैसे टाक, नाहीतर या सगळ्यांना पाठवतो.’ पैसे दिले की मागणी वाढते. आता तर साध्या फोटोवरून एआयच्या मदतीने बनावट नग्न चित्र तयार करता येतं, त्यामुळे ज्याने काहीच केलं नाही तो मुलगाही यात अडकू शकतो. अशा वेळी मुलाला त्या गुन्हेगारापेक्षा बापाची भीती जास्त वाटत असेल, तर गुन्हेगाराचं निम्मं काम आपणच करून ठेवलेलं असतं.

म्हणून सायबर तासाला घोषवाक्यं आणि पोस्टर स्पर्धा नकोत. फळ्यावर एक मेसेज लिहावा: ‘अगं, माझा सहा आकडी कोड चुकून तुझ्या नंबरवर आलाय, पटकन पाठव ना.’ नाव मैत्रिणीचं, फोटोही तिचाच. मग वर्गाला विचारावं, कोड तिचा असेल तर तो माझ्या नंबरवर का यावा? त्यावर चर्चा होऊ द्यावी. मैत्रिणीचं व्हॉट्सअ‍ॅप आधीच चोराच्या हाती गेलेलं आहे आणि हा कोड माझं खातं उघडण्याचा आहे, इथवर मुलांनी स्वतः पोचावं. घाई करायला लावणारा मेसेज संशयाने वाचायचा आणि ज्याच्या नावाने तो आला त्याला फोन करून खात्री करायची, ही सवय अशीच लागेल. आईबाबांच्या फोनवर टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करून येणं, हा त्या दिवसाचा गृहपाठ.

आपली मुलं फसतात, तशी ती दुसऱ्याला दुखावतातही. वर्गातल्या मुलीचा खाजगी फोटो ग्रुपवर येतो आणि पुढे पाठवणारा प्रत्येक जण म्हणतो, ‘मी फक्त फॉरवर्ड केला.’ माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ ब कलमाखाली मुलांचं अश्लील चित्रण पुढे पाठवणं हा पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकेल असा गुन्हा आहे. कायदा मुलांना माहीत हवाच. पण उद्या सकाळी त्या मुलीला याच वर्गात येऊन बसायचं आहे, हे त्यांना कायद्याच्याही आधी उमगायला हवं.

ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खातं ठेवायला बंदी केली. आपल्याकडच्या २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठराखालच्या मुलांची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळलेली संमती घेण्याची तरतूद आहे. कंपन्यांना असा लगाम हवाच. पण इन्स्टाग्रामची अट तेरा वर्षांची असताना अकराव्या वर्षी खातं उघडून देताना जन्मसाल मागे ढकलणारे हात अनेकदा आपलेच असतात. त्या एका खोट्यामुळे अ‍ॅप मुलाला मोठा समजू लागतं आणि अल्पवयीनांसाठी असलेलं संरक्षण त्याच्या वाट्याला येत नाही.

संकट आलंच, तर पैसे द्यायचे नाहीत आणि चॅट पुसायचं नाही. स्क्रीनशॉट आणि खात्याचं नाव जपून ठेवायचं, मग ब्लॉक करायचं. पैसे गेले असतील तर १९३०, मूल संकटात असेल तर १०९८ या हेल्पलाइनला फोन करायचा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला व मुलांविषयीच्या गुन्ह्यांची तक्रार नाव न देताही करता येते. शाळांनीही लक्षात ठेवावं, की मुलाच्या लैंगिक छळाची माहिती मिळूनही ती न कळवणं हा पॉक्सो कायद्यानुसार गुन्हा आहे. ‘शाळेचं नाव खराब होईल’ ही सबब तिथे चालत नाही.

यातलं काहीही घडायला मुलाने आधी तोंड उघडायला हवं. म्हणून घरातल्या मुलांना एवढं स्पष्ट सांगूया: ‘काहीही झालं, चूक तुझी असली तरी, आधी मला सांग. त्यासाठी मी मोबाईल काढून घेणार नाही. आपण मिळून मार्ग काढू.’ आणि पहिल्यांदा कसोटी लागेल तेव्हा कितीही राग आला तरी हा शब्द पाळूया. दुसऱ्यांदा सांगायचं की नाही, हे मूल त्याच वेळी ठरवतं.