खुनी कोण?

आमच्या पिढीतील पुष्कळांनी लहानपणी बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा चोरून वाचल्या आहेत. भूगोलाच्या पुस्तकात झुंजार किंवा काळापहाड दडवून आम्हीही त्या वाचल्या. पुढे सेमिनरीत गेल्यावर तत्त्वज्ञानाच्या जाडजूड ग्रंथाखाली चेस्टरटनचा फादर ब्राऊन दडवू लागलो, इतकाच काय तो फरक. तेव्हा रहस्यकथेला नाके मुरडणाऱ्यांच्या पंगतीला आम्हांला बसता येणार नाही.

रहस्यकथेचे आकर्षण केवळ उत्कंठेत नसते. तिच्या पोटात एक नैतिक आश्वासन दडलेले असते. खून झाला आहे, त्याअर्थी खुनी आहे. त्याला नाव आहे, आणि शेवटच्या प्रकरणात त्या नावावर बोट ठेवले जाणार आहे. ते एकदा ठेवले गेले की उरलेली सारी पात्रे, आणि त्यांच्याबरोबर वाचकही, निर्दोष ठरून सुखाने घरी जातात.

काही दिवसांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एक तरुण अशीच एक परदेशी मालिका पाहून आमच्याकडे आला. एकामागून एक खून होतात. गुप्तहेर माग काढत जातो. खुनी सापडतो, परंतु त्याच वेळी असेही उघडकीस येते की तुरुंगात असताना सरकारनेच त्याच्यावर गुप्त प्रयोग केले होते. "फादर, मग पाप कोणाचं? त्याचं की सरकारचं?" लेखकांच्या कल्पनाशक्तीला हल्ली ताळतंत्र राहिलेले नाही, असे काहीसे बोलून आम्ही त्याची बोळवण करू पाहिली. तो म्हणाला, "पण असं खरंच घडलंय, फादर." आम्ही शोध घेतला. तो खरे बोलत होता.

बोस्टन शहरातील जेम्स बल्जर हा १९५७ मध्ये बँकदरोड्यांबद्दल अटलांटाच्या तुरुंगात शिक्षा भोगत होता. शिक्षेत सूट मिळेल आणि वेडावर औषध शोधण्याच्या कामी मदतही होईल, असे सांगून त्याला प्रयोगात सामील करून घेण्यात आले. त्याला वारंवार दिले गेले ते एल.एस.डी. हे बुद्धिभ्रम करणारे द्रव्य. या साऱ्यामागे होती अमेरिकेची गुप्तचर संस्था सी.आय.ए. माणसाच्या मनावर ताबा कसा मिळवावा हे शोधण्यासाठी तिने १९५३ मध्ये 'एम.के.अल्ट्रा' नावाची योजना आखली होती. १९७३ मध्ये संस्थेच्या प्रमुखाच्या आज्ञेने तिची कागदपत्रे नष्ट करण्यात आली. हिशेबाच्या दप्तरात चुकून राहिलेल्या कागदांमुळे १९७७ मध्ये सिनेटपुढे पुष्कळ गोष्टी बाहेर आल्या. गुप्त पापालाही पैशाचा हिशेब ठेवावा लागतो, हे त्यातले एक वैशिष्ट्यच म्हणायचे!

बल्जर सुटला आणि बोस्टनच्या गुन्हेगारी जगाचा म्होरक्या झाला. सोळा वर्षे फरारी राहून २०११ मध्ये तो सापडला, आणि २०१३ मध्ये अकरा खुनांतील सहभागाबद्दल दोषी ठरला. त्या ज्युरीतील एका सभासद स्त्रीचा पुढे त्याच्याशी पत्रव्यवहार झाला, तेव्हा तिला तुरुंगातील प्रयोगांची माहिती मिळाली. खुनांच्या आरोपांबाबत आपण त्याला दोषी ठरवायला नको होते, असे तिने २०२० मध्ये जाहीरपणे सांगितले. तिच्या मनाचा हा सल आम्हांला क्षुल्लक वाटत नाही.

ख्रिस्तसभेची शिकवण येथे फार सावध आहे. अज्ञान, भय, बळजबरी, मनाची विकलता यांमुळे माणसाच्या कृतीची जबाबदारी कमी होऊ शकते, प्रसंगी नाहीशीही होऊ शकते, असे आपला 'कॅटेकिझम' मान्य करतो. आईच्या मांडीवर खुनी जन्मत नाही, हे तिला ठाऊक आहे. परंतु जबाबदारी कमी होते ती वडिलोपार्जित जमिनीसारखी वाटणी होऊन नव्हे. सरकारच्या नावावर बारा आणे चढले, म्हणून बल्जरच्या नावावर चार आणेच उरले, असा हा व्यवहार नाही. दोघांचे दोन हिशेब आहेत आणि ते वेगवेगळ्या पानांवर मांडलेले आहेत. बल्जरच्या पानावरची अखेरची बेरीज परमेश्वराखेरीज कोणालाही करता येणार नाही. तथापि तुरुंगात जाण्यापूर्वीही तो दरोडेखोर होताच, आणि प्रयोगाला बळी पडलेले सगळेच काही पुढे खुनी झाले नाहीत, एवढे आपण म्हणू शकतो. आदामाने हव्वेकडे बोट दाखवले, हव्वेने सर्पाकडे. सर्प खरोखरच दोषी होता. पण म्हणून त्या दोघांपैकी कोणाचीही सुटका झाली नाही.

आमच्या पापनिवेदनाच्या पेटीतही हा अनुभव नित्याचा आहे. कोणाचे गुपित न सांगता इतके सांगता येईल की सासूची, शेजाऱ्याची आणि भावाची पापे सांगणारे पुष्कळ येतात.

इथवरचे त्या तरुणाला सांगता आले असते. परंतु हे वाचीत असता आम्ही दुसऱ्या एका प्रकरणापाशी येऊन ठेपलो, आणि तेथे आमची मती कुंठित झाली, कारण त्यात बोट ठेवावे असा कोणी खुनीच सापडेना.

अमेरिकेतील अलाबामा राज्यात टस्कीगी नावाचे गाव आहे. त्या परिसरातील सुमारे सहाशे गरीब कृष्णवर्णीय पुरुषांना १९३२ मध्ये सरकारच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने एका पाहणीत घेतले. त्यांपैकी ३९९ जणांना उपदंश झालेला होता. त्यांना तसे सांगण्यात आले नाही. तुमचे रक्त बिघडले आहे, एवढेच सांगण्यात आले. उपचार न केल्यास हा रोग माणसाला कुठवर नेतो, हे खात्याला पाहायचे होते. पाठीच्या कण्यात सुई घालून द्रव काढला, तो 'खास मोफत उपचार' म्हणून. तपासणीच्या दिवशी गरम जेवण, जाण्यायेण्यास मोटार, आणि मृत्यूनंतर दफनाचा खर्च. मात्र शवविच्छेदनाला कुटुंबाने संमती द्यायची. १९४७ च्या सुमारास पेनिसिलिन हे या रोगावरचे सर्वमान्य औषध झाले. त्याच वर्षी न्यूरेंबर्ग येथे नाझी डॉक्टरांच्या खटल्याचा निकाल लागला आणि माणसावरील प्रयोगाला त्याची स्वेच्छेची संमती हवी, हे जगाला ठणकावून सांगण्यात आले. टस्कीगीत काहीच बदलले नाही. ते औषध त्यांना मिळू नये, अशी व्यवस्था चालूच राहिली.

चाळीस वर्षे! १९६६ मध्ये त्याच खात्यातील पीटर बक्स्टन या तरुण कर्मचाऱ्याने लेखी हरकत घेतली. त्याचे कुटुंब नाझींच्या भयाने प्राग सोडून आलेले, म्हणून ही दुर्गंधी त्याला लवकर ओळखता आली असावी. खात्याने तज्ज्ञांची समिती नेमली आणि १९६९ मध्ये पाहणी पुढे चालू ठेवण्याचे ठरवले. अखेर १९७२ मध्ये वृत्तपत्रांत बातमी आली, तेव्हा ती थांबली. १९९७ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी राष्ट्राच्या वतीने क्षमा मागितली. फौजदारी खटला मात्र कोणावरही झाला नाही. खून कोणी केला? डॉक्टरांनी फक्त निरीक्षण केले. परिचारिकेने प्रेमाने विचारपूस केली. कारकुनाने नोंदी केल्या. मोटारचालकाने मोटार चालवली. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८४ मध्ये लिहिले की सामाजिक पाप हे अखेर अनेक व्यक्तिगत पापांच्या संचयातून उभे राहते. करणाऱ्यांच्या पापांतून, तसेच रोखता येत असून न रोखणाऱ्यांच्याही.

फादर ब्राऊनचे रहस्य १९२७ च्या संग्रहात चेस्टरटनने उघड केले आहे. तो धर्मगुरू खुन्याला बाहेरून न्याहाळत नाही. हा खून मीच कोणत्या मनःस्थितीत केला असता, असे तो स्वतःला विचारतो आणि उत्तर मिळेपर्यंत थांबत नाही. टस्कीगीचे वाचताना आम्हीही तसे करून पाहिले. डॉक्टरच्या जागी आम्हांला स्वतःला बसवता येईना. तेवढी विद्या आमच्यापाशी नाही. पुढे वाचनात आले की त्या माणसांना बोलावण्याच्या सूचना गावच्या शाळांतून आणि चर्चमधून दिल्या गेल्या होत्या. तेथे आम्ही आमची जागा ओळखली. ती सूचना वाचणाऱ्या पाळकाला यातले काही ठाऊक नसेल. गरिबांना मोफत वैद्य मिळतो आहे, या आनंदाने त्याने ती वाचली असेल. आम्ही नेमकी तशीच वाचली असती. किंबहुना गेल्या पंचवीस वर्षांत समोर आलेली कोणती सूचना आम्ही प्रश्न विचारून मग वाचली, हे आठवू गेलो, तर एकही आठवली नाही.

त्या तरुणाला आम्ही हे सारे सांगितले. त्याला ते पुरेसे वाटले नाही. "म्हणजे मालिकेतल्या खुन्याचं काय ते तुम्ही सांगितलंच नाही," असे म्हणून तो फादर ब्राऊनचे पुस्तक घेऊन गेला. ते अद्याप परत आलेले नाही.

मागील महिन्यात मिस्सेनंतर वाचण्यासाठी एका मोफत आरोग्य शिबिराची सूचना आली. आम्ही दिलेल्या क्रमांकावर दूरध्वनी केला. शिबीर कोण भरवते, रक्त कशासाठी घेणार, अहवाल रुग्णाच्या हाती पडतो का, आणि तो आणखी कोणाकडे जातो, असे विचारले. पलीकडची बाई प्रथम गोंधळली, मग हसली. "फादर, हे आजवर कोणीच विचारलं नव्हतं. थांबा, मी विचारून सांगते." दोन दिवसांनी तिने प्रत्येक गोष्ट नीट विचारून कळवली. पुढच्या रविवारी ती सूचना आम्ही वाचली.