नेम धरण्यापूर्वी

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा होते. शेतकरी कोयता-कुऱ्हाड धुऊन पाटावर मांडतो, सुतार रंधा मांडतो, आणि ज्यांच्या घरी पूर्वजांची तलवार उरली आहे ते तिचा गंज पुसून तिला झेंडूची माळ घालतात. हत्याराला गंध लागते, अक्षता पडतात. ते धरणाऱ्या हाताला मात्र त्या दिवशी कोणी काही विचारीत नाही. हात कसा आहे, त्याला किती येते, कुठे थांबावे हे त्याला कळते की नाही, हे प्रश्न पूजेच्या बाहेरच राहतात. माझ्या मते खरे प्रश्न तेच आहेत.

हे मला कोणत्या ग्रंथात सापडले नाही. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, टूसॉन गावी, मुलाच्या घरी मी काही महिने राहिले, तेव्हा शेजारच्या घरात एक बंदूक निवडली जात होती. शेजारी सत्तरीचे, निवृत्त गृहस्थ. त्यांच्या सोळा वर्षांच्या नातीला हरणाच्या शिकारीचा परवाना मिळाला होता. मिळाला म्हणजे सोडतीत निघाला. तिथे रायफलने हरीण मारायचे तर अर्ज करावा लागतो. कोणत्या भागात किती परवाने द्यायचे हे सरकारचे वन्यप्राणी खाते ठरवते, आणि नशिबाने नाव निघाले तर वर्षाला एकच हरीण मारता येते. मांस रानात टाकून येणे हा गुन्हा आहे. आमचा पंधरा वर्षांचा नातू त्या मुलीचा शाळासोबती. त्याने मला विचारले, “आजी, मी त्यांच्याबरोबर जाऊ का? आई म्हणते, आजीला विचार.” सूनबाईंनी चेंडू माझ्याकडे टोलवला होता. मी शाळेत तीस वर्षे संस्कृत शिकवले आहे. धर्माधर्माचे प्रश्न आपल्या खात्यावर जमा होणार हे शिक्षकाने गृहीतच धरावे. मी म्हटले, “आधी बघू तर खरं, ते काय करतात ते.” आणि उत्तर देण्यापूर्वी मी शेजारच्या ओसरीवर जाऊन बसू लागले.

पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही, की वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे येते तशी वाळू तिथे नाही. सोनोरन वाळवंट हे काटेरी झाडांचे रान आहे. चार-चार पुरुष उंचीचे सवारो निवडुंग, हिरव्या सालीची पालो व्हर्देची झाडे, आणि अंगाला नुसते लागताच चिकटून बसणारा चोया निवडुंग. या रानात ‘म्यूल डियर’ नावाचे हरीण राहते. खेचरासारखे मोठे कान म्हणून हे नाव. आपल्या काळविटाची शिंगे जन्माची सोबतीण असतात. याची फांद्यांची शिंगे चितळ-सांबरासारखी दर वर्षी गळतात आणि पुन्हा उगवतात. कान एवढे तिखट आणि आडोसा एवढा विरळ, की माणसाला जवळ जाणे कठीण. म्हणून तिथला शिकारी चालतो कमी आणि बसतो जास्त. पहाटे टेकडीवर बसायचे, दुर्बीण तिकाटण्यावर ठेवायची, आणि समोरची उतरण इंच-इंच वाचायची.

लांबून मारावे लागते म्हणून लांब जाणारी गोळी हवी, असे सगळेच म्हणतात. या मुलखाचा प्रसिद्ध शिकारी-लेखक जॅक ओ’कॉनर १९०२ साली याच राज्यात जन्मला आणि टूसॉनच्या विद्यापीठात वृत्तविद्या शिकवीत असे. त्याने जन्मभर ‘२७० विंचेस्टर’ या काडतुसाचा पुरस्कार केला. १९२५ साली निघालेले हे काडतूस आजही तिथल्या घराघरांत आहे. त्याची गोळी सेकंदाला सुमारे तीन हजार फूट वेगाने निघते. दोनशे यार्डांवर नेम बरोबर बसवला, तर तीनशे यार्डांवर ती सहा-सात इंच खाली येते. शेजाऱ्यांजवळ वडिलांची अशी एक रायफल होती. नातीने तीच घ्यावी, असे घरातल्या सर्वांना वाटत होते. वारसा म्हणजे वारसा! आपल्याकडे आजीची नथ नातीला घालतात, तसेच ते.

पण शेजाऱ्यांनी ती दिली नाही. सरावाच्या मैदानावर त्यांनी एक युक्ती केली. नातीच्या नकळत त्यांनी रायफलीत काडतूस भरलेच नाही. तिने चाप ओढला. आवाज झाला नाही, धक्का बसला नाही, तरी तिचे डोळे मिटले आणि नळी खाली झुकली. धक्क्याच्या भीतीने हात आधीच दचकत होता. त्यांनी रायफल पेटीत ठेवली आणि ‘२४३’ या हलक्या काडतुसाची, आखूड दस्त्याची रायफल आणली. तिची गोळी लहान. तिला चुकीची सूट नाही. म्हणून त्यांनी दुसरा नियम घातला. जेवणाची कागदी पत्रावळ, सुमारे नऊ इंचांची, लांब उभी करायची. हरणाचे काळीज आणि फुप्फुसे मिळून साधारण तेवढीच जागा होते. जमिनीवर बसून, दम लागलेला असताना, जितक्या अंतरावरून प्रत्येक गोळी पत्रावळीत बसेल तितकेच तिचे अंतर. त्यापुढचे हरीण तिचे नव्हे. सहा आठवड्यांच्या सरावानंतर ते अंतर ठरले एकशे ऐंशी यार्ड. रायफल त्याहून दुप्पट लांब मारू शकत होती. शेजारी म्हणाले, “बंदुकीला जमतं ते बंदुकीचं. हिला जमेल तेवढंच हिचं.”

वाचकहो, मला हे वाक्य फार मोलाचे वाटते. ज्याच्या हाती साधन आहे त्याने आपले मोजमाप साधनावरून घेऊ नये, हा नियम शिकारीपुरता नाही. मोटार शंभराच्या वेगाने जाते म्हणून आपण ती तशी चालवावी असे नाही. जीभ धारदार आहे म्हणून ती सुनेवर चालवावी असेही नाही.

मग मला आपले जुने शिकारी आठवू लागले. दशरथाने शरयूच्या काठी अंधारात पाणी भरण्याचा आवाज ऐकला, हत्ती समजून बाण सोडला, आणि घागर भरणारा ऋषिकुमार मेला. शब्दवेधी बाण ही दशरथाची कीर्ती होती, आणि तिनेच त्याचा घात केला. डोळ्यांनी पाहिल्यावाचून, ओळखल्यावाचून बाण सोडू नये, हा धडा शेजारी नातीला पहिल्या दिवशी देत होते. पंडूची कथा तर अधिक सूक्ष्म आहे. हरणाच्या रूपात रममाण असलेल्या किंदम ऋषीला त्याने बाण मारला. मरता मरता ऋषीने दोष दिला तो मृग मारल्याचा नव्हे. क्षत्रियाचा तो अधिकार त्याने मान्य केला. दोष दिला तो वेळ न पाहिल्याचा, न थांबल्याचा. म्हणजे आपल्या महाभारतकारांनाही नुसते ‘मारले की नाही’ एवढे पुरेसे वाटले नाही. ‘कसे, कधी, किती पाहून’ हेही त्यांनी तोलले.

येथे माझ्या मनातल्या दुसऱ्या वकिलाने उठून हरकत घेतली. तो म्हणाला, “बाई, नीट केलेला वध हा वधच. कसाई सुरीला चांगली धार लावतो म्हणून बकऱ्याला काय फरक पडतो?” फरक पडतो; बकऱ्याला वेदना कमी होते. पण हरकतीचा गाभा खरा आहे. एवढी तयारी, एवढे नियम, यांत माणूस इतका गुंततो की मूळ प्रश्नच झोपी जावा. मारावे का, हे विचारायचे राहते आणि कसे मारावे यावर तीन महिने जातात.

मूळ प्रश्नाला तिथले लोक एक उत्तर देतात: हरणे मारली नाहीत तर ती वाढतील आणि उपासमारीने मरतील. दाखला देतात तो कैबाब पठाराचा. ग्रँड कॅन्यनच्या उत्तरेला असलेले हे रान १९०६ साली राखीव झाले. हरणांची शिकार बंद झाली आणि त्यांना खाणारे पहाडी सिंह, कोल्हे, लांडगे सरकारी शिकाऱ्यांनी मारून काढले. हरणे वाढली, पाला संपला, आणि १९२४-२५च्या हिवाळ्यात ती हजारोंनी मेली. पुढे १९७० साली अभ्यासकांनी दाखवले की तेव्हाचे आकडे कच्चे होते आणि मेंढ्या-गुरांची चराई कमी झाल्याचाही त्यात भाग असावा. असो. मला दिसते ते इतकेच, की लांडगा आधी माणसानेच मारला. आल्डो लिओपोल्ड हा वनाधिकारी तरुणपणी याच मुलखात लांडग्यांवर गोळ्या झाडीत होता. त्याचे मत पुढे पालटले आणि ते त्याने लिहून ठेवले. ते पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १९४९ साली निघाले. १९९८ साली ॲरिझोनात लांडगे पुन्हा सोडण्यात आले. तेव्हा ‘आम्ही मारतो, कारण मारणारा कोणी उरला नाही’ हे समर्थन खरे असले तरी त्यात निम्मी कबुली आहे. ते परवाना देईल. पुण्य देणार नाही.

दुसरे समर्थन पैशाचे. १९३७च्या कायद्याने तिथे रायफलींवर आणि काडतुसांवर अकरा टक्के कर आहे आणि तो पैसा राज्यांना वन्यप्राण्यांसाठी मिळतो. व्यवस्था चांगली आहे. पण कर भरल्याने कर्म शुद्ध होत असते, तर आपल्याकडचे सावकार केव्हाच संत झाले असते.

त्यापेक्षा एक लहान गोष्ट मला अधिक पटली. शेजाऱ्यांनी शिशाच्या गोळ्या घेतल्या नाहीत, तांब्याच्या घेतल्या. शिशाची गोळी अंगात फुटून तिचे कण पसरतात, आणि शिकारी जी आतडी रानात टाकून येतो ती खाऊन काँडॉर गिधाडांना विषबाधा होते. १९८२ साली जगात अवघे २२ काँडॉर उरले होते. पिंजऱ्यात पैदास करून त्यांतले काही १९९६पासून उत्तर ॲरिझोनात सोडले आहेत. शेजाऱ्यांचे रान तिथून दूर होते. पण ते म्हणाले, गिधाडे इथेही आहेत, गरुड आहेत. आपल्याकडे गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकने गिधाडे मेली, ते औषध २००६ साली बंद करावे लागले, हे मी त्यांना सांगितले. आपल्या कृतीचा शेवट आपण पाहतो त्याच्या पुढे कुठेतरी असतो, आणि तिथवर विचार नेणारा माणूस निष्ठुर म्हणवत नाही.

आता नातवाचे उत्तर. ‘नाही’ म्हणणे सोपे होते. आमच्या घरी मात्र रविवारी मटण असते. टूसॉनच्या दुकानातली कोंबडी तर पारदर्शक कागदात येते; तिला डोके नसते, पाय नसतात, जणू ती कधी चाललीच नाही. वनपर्वातला धर्मव्याध मिथिलेत मांस विकायचा. दुसऱ्यांनी मारलेले आणून विकतो, असे तो कौशिक ब्राह्मणाला सांगतो, पण आपला व्यवसाय घोर आहे हे लपवीत नाही. त्याला धर्म कळला होता, कारण तो ज्यावर जगत होता ते त्याने डोळ्यांआड केले नव्हते. आम्ही जेवणारे तेवढेही करीत नाही. शिकाऱ्याला हिंसक म्हणण्याचा अधिकार शाकाहाऱ्याला आहे, मला नाही.

मात्र हेही मी नातवाला बजावले की हे उत्तर त्या मुलखाचे आणि त्या हरणाचे आहे. राजस्थानच्या वाळवंटात चिंकारा आहे, आपल्या नगरकडच्या माळावर रेहेकुरीला काळवीट आहे. त्यांच्यासाठी १९७२चा कायदा आहे आणि तो योग्य आहे. जिथे माणसांच्या गर्दीतून थोडे जनावर उरले, तिथे ‘कसे मारावे’ हा प्रश्नच उठत नाही.

मी त्याला म्हटले, “जा. बंदुकीला हात लावू नकोस. पाणी वाहा, मांस वाहा, आणि शेवटपर्यंत तोंड फिरवू नकोस. आल्यावर मांस खायचं की सोडायचं, ते तुझं तू ठरव; मी विचारणार नाही.”

ते नोव्हेंबरात गेले. तिसऱ्या दिवशी मुलीने एकशे साठ यार्डांवरून एक नर टिपला. आदल्या दिवशी अडीचशेवर याहून मोठा दिसला होता. आजोबांनी मान हलवली आणि ती उठून दुसरीकडे गेली. गोळी लागल्यावर हरीण थोडी पावले धावून पडले. नातवाने एक मांडी पाठीवर घेऊन दोन मैल चालत आणली; खांद्यावर पट्ट्याचे वळ होते. सोबत काय काय झाले ते त्याने सूनबाईंना सांगितले, मला सांगितले नाही, आणि मीही शब्दाला जागून विचारले नाही.

शेजाऱ्यांनी वाटा पाठवला. मी तो कांदा-खोबरे भाजून, मंद आचेवर, नेहमीपेक्षा जास्त वेळ रांधला. सूनबाई जेवल्या नाहीत. नातू जेवला, सावकाश, आणि पानात काही टाकले नाही. तेव्हापासून तो दुकानातली कोंबडी खात नाही. हे तर्काला धरून आहे का, याबद्दल मुलाशी माझा वाद अजून चालू आहे. मुलगा म्हणतो, कोंबडी मेली काय आणि हरीण मेले काय, जीव तो जीव. मी म्हणते, जीव सारखाच. पण एका जिवाचे वजन त्या पोराने दोन मैल पाठीवर वाहिले आहे.