रंगाचा दोष कोणाचा?

चिरलेले वांगे काळे पडू नये म्हणून ते पाण्यात टाकण्याची आपल्या घरांतील रीत जुनी आहे. वांग्यातील ज्या ताम्रयुक्त विकरामुळे हा रंग चढतो, त्याचाच सगोत्र टायरोसिनेज आपल्या त्वचेत मेलॅनिन घडवितो. कापल्यावर तपकिरी न होणाऱ्या सफरचंदास २०१५ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. त्यात या विकराची जनुके निष्प्रभ केलेली आहेत. फळ वाया जात नाही, म्हणून आम्ही त्याचे स्वागतच करू. परंतु हेच कौशल्य सावळ्या मुलीच्या कांतीकडे वळले तर?

कोड झालेल्यास हरवलेला रंग परत मिळवून देणारे संशोधन उपकारकच होय. मेलॅनिन मात्र अतिनील किरणांपासून राखणारे छत्र आहे. त्यास व्याधी ठरविते ती आपली नजर. सावळ्या विठ्ठलापुढे हात जोडणाऱ्या आम्हीच स्थळे पाहताना 'मुलगी गोरी आहे ना?' असे विचारले आहे. १९७५ साली बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली'च्या नावातून 'फेअर' हा शब्द २०२० साली गेला; आमच्या बोलण्यातून तो अद्याप गेलेला नाही. प्रयोगशाळा आपल्या मागणीस उत्तर देते. ती मागणी योग्य की अयोग्य, हे ठरविण्याचे काम तिच्यावर सोपविता येणार नाही. ते आमच्याच घरात व्हावयास हवे.