कुंडी भंडारा एकट्याचा नव्हता

बुऱ्हाणपूरची कुंडी भंडारा ही भुयारी पाणीव्यवस्था 2024 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली आणि व्यासपीठावरचे एक वाक्य फार स्वस्त झाले. हवामान बदलाला तोंड देण्याची विद्या आमच्याकडे चारशे वर्षांपूर्वीच होती, मग परदेशी प्रकल्प नि अहवाल हवेत कशाला? टाळ्या पडतात. बोलणारा बहुधा कुंडीत उतरलेला नसतो.

उतरून पाहावे. चिंचोळे भुयार, भिंतींवर क्षारांची पांढरी पुटे, डोक्यावर कुंडीच्या तोंडाएवढा उजेड आणि पायांशी सावकाश वाहणारे पाणी. सातपुड्याकडून झिरपत येणारे पाणी जमिनीखालीच अडवायचे आणि निव्वळ उताराच्या बळावर शहरापर्यंत आणायचे, एवढीच युक्ती. मोट नाही, रहाट नाही. शंभरावर कुंड्या आहेत त्या हवा खेळावी आणि गाळ काढता यावा म्हणून. ही रीत इराणच्या कनातीची. मुघल सरदार अब्दुर्रहीम खानखानानच्या काळात, 1615 च्या सुमारास, तबकुतुल अर्ज नावाच्या फारसी जाणकाराने ती इथे उभी केली. त्याच दशकात खडकीला, म्हणजे पुढच्या औरंगाबादला, निजामशाहीच्या मलिक अंबरने नहर खोदवली. अंबर जन्माने अबिसिनियाचा, आणि खानखानानचा हाडवैरी. रणांगणात एकमेकांच्या जिवावर उठलेल्या या दोघांनी पाण्याची विद्या मात्र एकाच कुळातली घेतली. विद्या बाहेरची होती. सातपुड्याचा उतार आणि मातीचा पोत इथेच मोजावा लागला. सहकार्य म्हणतात ते याहून वेगळे काही नसते.

आपल्या काळात ही समज यायला वेळ लागला. 1992 च्या रिओ परिषदेत सारा भर उत्सर्जन कमी करण्यावर होता. अनुकूलनाची, म्हणजे बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्याची, भाषा काढणारा हार मानतो आहे असा संशय घेतला जाई. अमेरिकी नेते ॲल गोर यांनी तर त्याच वर्षीच्या पुस्तकात अनुकूलनाला आळसाच्या पंक्तीत बसवले. मग पुढच्या हवामान परिषदा: 2001 चे माराकेश आणि तिथले निधी, 2010 चे कानकुन, 2015 चे पॅरिस. हे सगळ्यांना पाठ आहे. या प्रवासात एक गृहीतक मात्र न तपासताच पुढे आले: कार्बन जगाचा, पण दुष्काळ ज्याचा त्याचा. म्हणून अनुकूलनात परदेशाचे काम पैसे देण्यापुरते आणि संशोधन ज्या त्या देशाचे. व्यासपीठावरचा अभिमान याच गृहीतकाची देशी आवृत्ती आहे.

माझ्या मते खरे वळण 2012 चे, आणि तेच सर्वांत चुकीचे वाचले जाते. कॅनडाच्या आयडीआरसी या संस्थेने आणि ब्रिटनच्या तेव्हाच्या विकास खात्याने मिळून आफ्रिका व आशियासाठी अनुकूलन संशोधनाचा सात वर्षांचा कार्यक्रम आखला. टीकाकारांना त्यात देणगीदारांचा थाट दिसला, समर्थकांना औदार्य. दोघांनीही पाहिले ते पैशाकडे. बदलली होती ती अभ्यासाची चौकट. देशवार वाटणी न करता त्यांनी भूभागाचे प्रकार धरले: कोरडवाहू प्रदेश, नद्यांचे त्रिभुज प्रदेश आणि हिमनद्यांवर पोसलेली खोरी. त्यामुळे आपले संगमनेर बोट्स्वाना, नामिबिया, घाना, माली यांच्या पंगतीला बसले. पुण्याच्या 'वॉटर' संस्थेचे अभ्यासक या कोरडवाहू प्रदेशांच्या गटात होते. संगमनेरचा शेतकरी बोअरवर बोअर का घेतो, हा प्रश्न तिथे भारताचा उरत नाही, कमी पावसाच्या प्रदेशाचा होतो. थाट नव्हता असे नाही. पैसा देणाऱ्याचा कार्यक्रम मुदत संपली की संपतो आणि सरकार बदलले की आटतो. ब्रिटनचे ते खातेच 2020 मध्ये परराष्ट्र खात्यात विलीन झाले. पण चौकट बरोबर होती, आणि ती उचलायला परक्या पैशाची गरज नाही.

ती आपण उचलली का? बुऱ्हाणपूरहून रावेरकडे निघा. दोन्हीकडे केळीच्या बागा, दोन्हीकडे ठिबकच्या नळ्या, पायाखाली तापीचा तोच गाळ आणि उत्तरेला पाणी मुरवणारा सातपुड्याचा तोच पायथा. मध्ये राज्याची सीमा. जागतिक बँकेच्या साहाय्याने 2019 मध्ये सुरू झालेल्या अटल भूजल योजनेत महाराष्ट्रातले रावेर-यावल होते. मध्य प्रदेशातली निवड बुंदेलखंडापुरती राहिली, बुऱ्हाणपूर बाहेर. एकाच भूजलाच्या एका बाजूला पाण्याचा ताळेबंद मांडला गेला, दुसरी बाजू त्या वहीतच नव्हती. दोन खंडांतल्या संशोधकांनी जे साधले ते शेजारच्या दोन तालुक्यांना साधू नये?

10 मे 2025 रोजी भोपाळमध्ये दोन्ही राज्यांनी तापी महापुनर्भरण प्रकल्पाचा करार केला. 31.13 टीएमसी पाणी, साडेतीन लाखांहून अधिक हेक्टर, जगातला सर्वांत मोठा म्हणून गाजावाजा. स्वागतच आहे. पण पाणी मुरवल्यावर ते कुठे गेले, किती टिकले, कोणी उपसले, हे सीमेच्या एकाच बाजूला मोजून कळणार नाही. केंद्रीय भूजल मंडळ निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा पाहते. केळीच्या पट्ट्यात उन्हाळ्यातला उपसा समजायला तेवढे पुरत नाही. तेव्हा दोन्ही सरकारांनी पहिला चर खणण्याआधी एवढे करावे: बुऱ्हाणपूर आणि रावेरच्या विहिरी एकाच आठवड्यात, एकाच पद्धतीने, दर महिन्याला मोजाव्यात आणि दोन्हीकडचे आकडे दोन्हीकडच्या ग्रामपंचायतींच्या फळ्यावर लिहावेत.