टाकी बदलली तर बुलेट आबांचीच राहते का?

मिस्त्रींनी टाकी खोलून उन्हात धरली आणि म्हणाले, "आत बघा."

मी मोबाईलचा टॉर्च मारला. आत तपकिरी चिखल दिसला, बाकी काही नाही.

"टॉर्च बंद करा. आता बघा."

टॉर्च बंद केला आणि अंधारात तळाशी सुईच्या टोकाएवढे उजेडाचे 3 ठिपके दिसले. बारामतीचं ऊन टाकीच्या तळातून आत येत होतं.

"टाकी गेली की ओ," मिस्त्री म्हणाले. "नवी घालू. दोन दिवसांत गाडी रस्त्यावर."

त्यांच्यासाठी विषय संपला होता. माझ्यासाठी तिथे सुरू झाला.

ही बुलेट 1975 सालची. ब्रेक डाव्या पायात, गिअर उजव्या पायात. आताच्या गाडीवर शिकलेला माणूस पहिल्यांदा बसला की ब्रेक मारायला जातो आणि गिअर टाकतो. आमच्या आबांनी, म्हणजे आजोबांनी, ती सेकंडहँड घेतली होती. त्यांचं गाव इंदापूर तालुक्यात, भीमेच्या काठी. उजनी धरण 1980 साली पूर्ण झालं, पण जमिनी त्याआधीच गेल्या होत्या. नुकसानभरपाई आली, तिच्यातून आधी नवी जमीन आणि घर झालं, आणि उरलेल्या पैशांत थोडी उसनवार घालून ही गाडी आली. भावकी चार दिशांना पांगली होती. आबा म्हणायचे, आता माणसं बघायची तर गाडी लागणारच.

टाकीच्या डाव्या बाजूला, गुडघ्याच्या रबराच्या जरा वर, वाटीएवढा पोचा आहे. आत्या लहान असताना तिला रात्री साप चावला. आबांनी तिला पुढे टाकीवर बसवलं, आजी मागे. उसाच्या गाड्यांनी उखडलेल्या रस्त्यावर गाडी घसरली आणि टाकी दगडावर आपटली. आबांनी गाडी उचलली, किक मारली आणि इंदापूर गाठलं. आत्या वाचली. पुढे गाडीला दोनदा रंग मारला, पण पोचा त्यांनी कधी काढू दिला नाही.

आता प्रश्न कळला असेल. ती टाकी काढून नवी घातली, तर खाली उभी राहील ती गाडी कुणाची?

आधी एक कबुली. टाकी काळानं खाल्ली नाही, आम्ही खाल्ली. आबा गेले त्याला 6 वर्षं झाली. आम्ही गाडी पत्र्याच्या शेडमध्ये लावली, वर ताडपत्री टाकली, दसऱ्याला हार घातला. पाहुण्यांना सांगायचो, "आबांची गाडी जपून ठेवलीय." टाकीत अर्धं पेट्रोल तसंच होतं.

अर्धी रिकामी टाकी श्वास घेते. दिवसा तापली की आतली हवा बाहेर जाते, रात्री थंडावली की बाहेरची दमट हवा आत येते. त्या हवेतलं पाणी पत्र्यावर धरतं. पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून ते तळाशी बसतं आणि तिथला पत्रा खातं. त्यात आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि पाणी फार झालं की दोघं मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळ गाठतात. रोज चालणाऱ्या गाडीत हे मिश्रण साचायच्या आधीच जळून जातं. उभ्या गाडीत ते मुरत राहतं.

यातली गंमत बारामती-इंदापूरच्या माणसाला वेगळी समजवायला नको. इथेनॉल येतं कुठून? मक्यातून, धान्यातून, आणि आपल्या उसातून. 20 टक्के मिश्रणाचं लक्ष्य आधी 2030 सालचं होतं, ते 2025 वर आणलं गेलं. आमच्या नव्या जमिनीत ऊसच आहे आणि तो उजनीच्याच पाण्यावर आहे. ज्या पाण्यानं आबांचं गाव घेतलं त्या पाण्यावर ऊस वाढला, आणि तसल्याच उसाचा अंश आबांच्या टाकीत तळाशी बसला. दोष कुणाला द्यायचा? उसाचं बिल आलं की आम्हीच पेढे वाटतो. आणि खरं सांगायचं तर इथेनॉल नुसतं मदतीला होतं. गाडी 6 वर्षं उभी आम्हीच ठेवली होती.

हे दुखणं एकट्या आमचं नाही. इंग्लंडमध्ये 1962 ते 1980 या काळात एमजीबी नावाची स्पोर्ट्स कार निघायची. आज आपल्या रस्त्यांवर एमजीच्या ज्या उंच गाड्या दिसतात, त्यांच्या नावाची ही बुटकी, उघड्या टपाची पूर्वज. तिची टाकी डिकीच्या खाली बांधलेली असते आणि बऱ्याचदा वरून गंजते, कारण डिकीचा तळ आणि टाकी यांच्या फटीत चिखल आणि ओल अडकून राहते. खालून बघणाऱ्याला टाकी ठणठणीत दिसते. टाकी पूर्ण भरली की पेट्रोलचा वास सुटतो, तेव्हा कळतं. तिथल्या हौशी लोकांसमोरही मग हाच प्रश्न येतो: सांधायची की बदलायची? आणि बदलत बदलत कुठवर जायचं? 1988 पासून तर एमजीबीची अख्खी बॉडीही नवी मिळू लागली, तीही जुन्याच साच्यांतून काढलेली.

हा प्रश्न गाड्यांपेक्षा फार जुना आहे. प्लुटार्कनं थीसियसच्या जहाजाची गोष्ट सांगितली आहे. अथेन्सच्या लोकांनी ते जहाज जपलं, फळी कुजली की नवी घातली. मग जहाज तेच की दुसरं? पुढे 17व्या शतकात हॉब्जनं पाचर मारली: कुणी त्या काढलेल्या फळ्या गोळा करून त्यांचंच जहाज बांधलं तर? आता खरं कुठलं? आपल्याकडे 'मिलिंदपन्हो'मध्ये भिक्खू नागसेन मिलिंद राजाला विचारतो, तू रथातून आलास ना, मग रथ दाखव. आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. शेवटी ठरतं की हे सगळे भाग एकत्र आले की त्यांना चालवून घेतलेलं नाव म्हणजे रथ.

हे वाचून मला आधी बरं वाटलं. म्हणजे टाकी ही बुलेट नाहीच. बदलून टाकू. पण लगेच वाटलं, मग कशालाच अर्थ नाही. इंजिन बदला, चासी बदला, नाव तेवढं ठेवा. एवढ्या स्वस्तात सुटका होत असेल तर काहीतरी चुकतंय.

1990 साली लंडनच्या कोर्टात हाच वाद एका खऱ्या गाडीवरून झाला. 'ओल्ड नंबर वन' ही बेंटली 1929 आणि 1930 अशी लागोपाठ दोन वर्षं ल मॉंची 24 तासांची शर्यत जिंकलेली. 1932 साली ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर तिला अपघात झाला आणि चालवणारा क्लाइव्ह डनफी मेला. शर्यतींच्या वर्षांत आणि नंतरही तिचे भाग बदलत गेले. पुढे ती 1 कोटी पौंडांना विकायचा करार झाला आणि घेणारे मागे सरले. त्यांचं म्हणणं, जिंकलेल्या गाडीतलं यात उरलंय काय? न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल विकणाऱ्याच्या बाजूनं दिला. त्यांच्या निकालाचा गाभा असा: ही गाडी पहिल्या दिवशीच्या अर्थानं मूळ नाही. पण ती कधी मोडीत निघून तिच्या जागी दुसरी आलेली नाही. ती अखंड बदलत आली आहे, म्हणून ते नाव तिचंच.

अखंड. हा शब्द मी धरून ठेवला, कारण तो आपल्या ओळखीचा आहे. तुकोबांची पालखी दर आषाढात बारामतीवरून इंदापूरकडे जाते, बेलवडीला रिंगण होतं. 1685 साली नारायण महाराजांनी पालखी सोहळा सुरू केला, तेव्हाचा एकही माणूस आज त्यात नाही. रस्ता डांबरी झाला, मुक्कामाचे तंबू बदलले. तरी "ही ती वारी नाही" असं कुणी म्हणत नाही. कारण मधली साखळी तुटलेली नाही. कुणीतरी कुणाच्या तरी हातून वीणा घेतलेली आहे.

आता या मापानं आमच्याकडे बघा. टाकी बदलल्यानं साखळी तुटत नाही. ती तुटली होती शेडमध्ये, ताडपत्रीखाली, जेव्हा गाडीचे सगळे भाग मूळचेच होते.

एवढ्यात पुण्याच्या चुलतभावाचा फोन आला. त्याच्याकडे वेगळीच योजना. 2021 च्या नियमानुसार 50 वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदवता येतं, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. "टाकी बदलू नको. आतून लेप देऊन घे. अशी गाडी दाखवायची असते, चालवायची नसते." त्याचं अर्धं बरोबर होतं. त्या नियमात चासी, बॉडी आणि इंजिनातल्या बदलाची अडचण आहे, टाकीची नाही. पण व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, अशा कामापुरतीच. काही गाड्यांसाठी ते योग्यच आहे. पण ही गाडी माणसांना भेटायला घेतलेली होती. तिला दाखवण्यापुरती ठेवणं म्हणजे पुन्हा ताडपत्रीच, जरा भारीतली.

लेपाचा विचार मी केला होता. आधी गंज काढायचा, मग भोकं झाळून घ्यायची, मग आतून लेप. मिस्त्री म्हणाले, "एक भोक दिसतंय तिथं दहा व्हायच्या बेतात असत्यात. आणि ही खाली गळली तर कुठं गळती? तापलेल्या इंजिनावर. मागं तुमची आजी बसली तर?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आठवण जपायची म्हणून जिवंत माणसाला धोक्यात घालायचं, हा हिशेब आबांना पटला नसता. ते गाडीच्या टाकीपेक्षा टाकीवर बसलेल्या पोरीकडे बघणारे होते.

नवी टाकी ठरली. काळा रंग, सोनेरी रेघा. आणि मग मिस्त्रींनी, मला बरं वाटावं म्हणूनच, विचारलं, "भाऊ, जुनीवरनं माप घेऊन तसाच पोचा पाडून देऊ का? कुणाला कळायचं न्हाई."

मी हो म्हणणार होतो. तोंडापर्यंत आलं होतं. त्या एका क्षणात मला माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं असं वाटतं. आतापर्यंत मी भीत होतो की टाकी बदलणं म्हणजे खोटेपणा. खोटेपणा बदलण्यात नव्हताच. तो या पोच्यात होता. तो दगड नाही, ती रात्र नाही, आणि तरी त्याची खूण. 'कुणाला कळायचं नाही' हे वाक्य जिथे उपयोगी पडतं, तिथे बहुतेक वेळा काहीतरी चोरलं जात असतं. बदल अखंड असणं पुरेसं नाही, तो उघडही असावा लागतो. नाहीतर साखळी आणि बनाव यांत फरक तो काय राहिला?

भीमेकाठच्या माणसांनी हे कधीच करून दाखवलंय. पळसदेवचं जुनं देऊळ उजनीच्या पाण्यात आहे. कोरड्या उन्हाळ्यात पाणी ओसरलं की ते वर येतं, लोक फोटो काढायला जातात. नवं गाव वरच्या अंगाला आहे, त्याचं नावही पळसदेवच. पण 'काही बदललं नाही' असं तिथे कुणी भासवत नाही. म्हातारी माणसं पाण्याकडे हात करून सांगतात, आमचं गाव तिथं होतं. नाव पुढे नेलं आणि नुकसान नुकसान म्हणूनच सांगितलं. आबाही असंच पाण्याकडे बोट करायचे.

नव्या टाकीला पोचा पाडला नाही. जुनी टाकी घरी आणली. वडील म्हणाले भिंतीला लावू, आई म्हणाली आधी तो पेट्रोलचा वास घालवा. अजून ठरलेलं नाही, पायरीशेजारी पडून आहे. हॉब्जच्या फळ्यांसारखी. पण तिच्याकडे बघून मला आता दोन बुलेट दिसत नाहीत. एक चालते, दुसरी साक्ष देते.

एक हुरहूर मात्र राहिलीच. आजी आणि आत्या आहेत तोवर ती रात्र सांगणारं कुणीतरी आहे. त्यानंतर? पोचा बघून तरी एखाद्या पोरानं विचारलं असतं, "हे काय झालं?" गुळगुळीत टाकीला कुणी काही विचारत नाही. म्हणजे सांगायचं काम आता आमच्यावर आलं. पत्र्यावर ढकलून मोकळं होता येणार नाही.

दिवाळीत आत्या आली. मी गाडी बाहेर काढली. तिनं नव्या टाकीवरून हात फिरवला आणि डाव्या बाजूला, गुडघ्याच्या रबराच्या जरा वर, तिचा तळवा थांबला.

"इथं होता," ती म्हणाली.

मग माझ्या मागे बसली आणि म्हणाली, "चल, पाण्यापर्यंत जाऊन येऊ."